आमची पानं वाचता येतील अशी करून देणाऱ्या मुलीला, जाहीर थँक्यू

नाव लिहायचं नाही असं तू बजावून ठेवलंयस म्हणून लिहीत नाही, पण जाहीर आभार मानायचे नाहीत असं काही म्हणाली नव्हतीस, त्यामुळे आता निमूट वाच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं पुण्यात ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आहे, बूट, सॅक, टेंट, स्लीपिंग बॅग, हेडलॅम्प वगैरे. साइटवर सामानासोबत वाचायलाही बरंच असतं. पावसाळ्यात ओल्या कातळावर कुठला सोल धरतो, डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम असेल तर किती गरम बॅग न्यायची, पहिल्यांदाच राजगडला चाललेल्या पोराने काय विकत घ्यायचं आणि काय सरळ मित्राकडून मागून न्यायचं. हे सगळं दुकानातल्याच लोकांनी लिहिलंय, निम्मं तर मामांनी तोंडी सांगितलेलं आणि मी टाइप केलेलं. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने सेल्समन, माझे सख्खे मामा नाहीत, पण अर्ध्या पुण्याचे मामा आहेत. गिऱ्हाईक दारातून आत येताना चालतं कसं ते बघून बूट काढून ठेवणारा माणूस.

तर ही साइट नव्याने करायला तुझ्याआधी एक एजन्सी येऊन गेली. नाव घेत नाही, पण मनात राग आहे तो आहे. मोठ्या स्क्रीनवर प्रेझेंटेशन, 'इमर्सिव्ह', 'स्टोरीटेलिंग', 'प्रीमियम फील', आम्ही सगळे माना डोलावतोय. झालं काय तर पान उघडलं की आधी अख्ख्या मोबाईलभर एक बर्फाचा डोंगर, तोही कुठल्या परदेशातला कोण जाणे, आणि आमच्याकडे येणारं पब्लिक चाललंय लोहगडला! मग खाली सरकवत सरकवत मजकुरापर्यंत पोचायचं, तर तो पांढऱ्यावर फिकट राखाडी, अक्षर इतकं बारीक की उन्हात फोन धरला तर कोरं पानच दिसावं. दुसरा पॅरा सुरू केला की ईमेल मागणारी चौकट मधे उडी मारणार, तिची फुली अंगठ्याला सापडत नाही. आणि पानाला तळच नाही, खाली जाल तसे नवे लेख येतच राहतात, त्यामुळे दुकानाचा फोन नंबर जो सगळ्यात खाली ठेवला होता तो दिसायचा आणि पळायचा, दिसायचा आणि पळायचा. आम्हाला फोन करायला लोक अक्षरशः नंबरच्या मागे धावत होते.

त्याहून वाईट म्हणजे जुन्या सगळ्या लिंका मेल्या. ट्रेकिंग ग्रुपवाल्यांनी आमची पावसाळ्याची यादी व्हॉट्सॲपवर पिन करून ठेवलेली, उघडली की 'पान सापडले नाही'. विचारलं तर उत्तर आलं, युजरला हळूहळू सवय होईल. सवय कशाची, न सापडण्याची? एवढं करून त्यांच्यातला एकही माणूस कधी दुकानात आला नाही, एक बूट पायात घालून बघितला नाही.

तू आलीस ती शनिवारी, ऐन पावसाळ्यातल्या, म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. मी म्हटलं सोमवारी ये, निवांत बोलू. तू म्हणालीस निवांतपणा नकोय, गर्दीच बघायचीय. आणि बूट ट्राय करायच्या स्टुलावर एका कोपऱ्यात बसून राहिलीस, वही घेऊन, लोक काउंटरवर काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेत. 'ॲक्शनचा बूट चालेल का की महागाचा घेऊ', 'रेनकोट की पाँचो', 'आईला गुडघ्याचा त्रास आहे, काठी एक की दोन'. आज साइटवर वरती जी प्रश्नांची यादी दिसते ना, ती तिथूनच आली. आधी तिथे ब्रँडची नावं होती. कोण डोक्यात ब्रँड घेऊन वाचायला येतं?

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये.

हे पत्र मामांच्या त्या दुपारसाठी आहे. गर्दी ओसरल्यावर तू त्यांच्या हातात फोन दिलास आणि म्हणालीस, मामा, जानेवारीत कळसूबाईला मुक्काम करायचाय, बॅग कुठली नेऊ ते या पानावरून मला शोधून सांगा. मामांनी फोन लांब धरला, मग जवळ घेतला, चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा लांब धरला. आम्ही सगळे बघतोय. शेवटी ओशाळून हसले आणि म्हणाले, माझे डोळे गेले गं आता, पोरांना विचार. हा माणूस वर्षानुवर्षं लोकांना हेच सांगत आलाय आणि स्वतःच सांगितलेली माहिती त्याला स्वतःच्या दुकानाच्या साइटवर वाचता येत नव्हती. आमच्यातलं कुणीतरी हसलंसुद्धा.

तू हसली नाहीस. फोन त्यांच्या हातातून काढूनही घेतला नाहीस, जे मी नक्की केलं असतं. स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलीस, लॅपटॉप मांडीवर घेतलास आणि म्हणालीस, "तुमचे डोळे ठीक आहेत मामा, आमचं अक्षर चुकलंय. मी मोठं करत जाते, तुम्ही फक्त थांब म्हणा."

आणि खरंच करत गेलीस. अक्षर थोडं मोठं, रंग थोडा काळा, दोन ओळींत थोडी जागा. मामा गप्प. अजून थोडं. मामा गप्प. मग एकदाचे म्हणाले, थांब. आणि मोठ्याने वाचायला लागले, पहिलीतल्या पोरासारखे, एकदम खूश होऊन. तो साइझ तू तसाच ठेवलास. आज लोक जे वाचतायत ते मामांच्या 'थांब'वर ठरलेलं अक्षर आहे. आणि 'आमचं अक्षर' म्हणालीस गं तू, ते अक्षर तुझं नव्हतंच, तुझ्याआधीच्यांचं होतं. तरी आमचं म्हणालीस.

नंतर मला समजावलंस की अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक निदान ४.५ ला १ तरी पाहिजे असा जगभर मानलेला नियमच आहे, आणि आमचं राखाडी त्याच्या आसपासही नव्हतं. देवनागरीला वर वेलांट्या मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या हिशोबाने ओळी लावल्या तर त्या एकमेकींच्या अंगावर चढतात, हेही तेव्हाच कळलं. 'मुक्त' नावाचा फॉन्ट लावलास, तोही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, फुकट मिळणारा. एजन्सीने परदेशी फॉन्टचं लायसन विकत घ्यायला लावलं होतं, ज्यात मराठी नव्हतंच! जाऊ दे.

मामा वाचत असताना अजून एक गोष्ट निघाली. स्लीपिंग बॅगेवर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम असे तापमानाचे आकडे असतात, म्हणजे बॅग किती थंडीपर्यंत चालेल ते. एजन्सीने एक्स्ट्रीमचा आकडा सगळ्यात मोठा छापला होता, कारण उणे म्हटलं की भारी दिसतं. मामा तिथे थबकले आणि म्हणाले, हा आकडा धरून गेला तर माणूस फक्त जिवंत परत येईल, झोप लागणार नाही रात्रभर. तू लगेच विचारलंस, मग तुम्ही काउंटरवर कुठला सांगता? म्हणाले कम्फर्ट, आणि थंडी सोसत नसेल तर त्याच्याही खालची बॅग दे. आता पानावर कम्फर्टचाच आकडा वर आहे, बाकीचे खाली लहान अक्षरात. इतकी साधी गोष्ट, पण त्यासाठी आधी मामांना वाचता यायला हवं होतं ना.

बँकेत एखादा क्लार्क असतो बघा, फॉर्म आपल्याकडे फिरवून सही कुठे करायची तिथे बोट ठेवतो, आणि बाकीचे काचेमागून नुसते ओरडतात 'भरून आणा'. पगार दोघांनाही तोच असेल. मला आताशा वाटायला लागलंय की हुशारी बाजारात भरपूर मिळते, समोरच्याला लाजवायचं नाही ही अक्कल मात्र फार कमी जणांकडे असते, आणि ज्यांच्याकडे असते त्यांना ती आहे हे माहीतही नसतं. तुला तर नाहीच. तुला त्या दुपारबद्दल सांगितलं तर म्हणालीस, अहो ते टेस्टिंग होतं.

बरं, भांडणही आठवतंय मला. 'हे घेऊ नका, पहिल्या ट्रेकला गरज नाही' असं जिथे आम्ही लिहिलंय तिथेही मला खरेदीचं बटण हवं होतं, दुकानदार आहे मी शेवटी. तू म्हणालीस, वर नको म्हणायचं आणि खाली हात पसरायचा, वाचणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? बायकोने तिथल्या तिथे तुझी बाजू घेतली, विषय संपला. मेलेल्या लिंका एकेक करून जिवंत केल्यास, प्रत्येक जुनी लिंक होम पेजवर न ढकलता त्याच लेखावर नेऊन सोडलीस. हे काम कोटेशनमध्ये नव्हतं. मी बघितलंय पुन्हा, नव्हतं.

परवा एक बाई आल्या, मुलगी कॉलेजच्या ग्रुपबरोबर पहिल्यांदाच जातेय म्हणून. फोनवर आमचं पान उघडलेलं, मामांसमोर धरून म्हणाल्या, यातलं हे एवढंच द्या, बाकीचं नको असं तुम्हीच लिहिलंय. मामांनी चष्मा न काढता वाचलं, मान डोलावली आणि तेवढंच दिलं. बिल फार झालं नाही. मला वाईटही वाटलं नाही, याचंच आश्चर्य वाटतंय.

आणि हो, शेवटच्या हप्त्याचं बिल अजून पाठवलेलं नाहीस. 'पाठवते' म्हणून टाळतेयस ते मला कळतंय. लिंकांचं काम त्यात वेगळं धरून लाव आणि या आठवड्यात पाठव, नाहीतर मी मामांना फोन करायला लावीन, त्यांना नाही म्हणायला तुला जमणार नाही.