वस्तू आपलीच, पण अर्ज चुकीचा

मा. संपादक,

आपला ट्रक, यंत्र किंवा दागिने दुसऱ्याने अडकवून ठेवले की दाव्यासोबत सरसकट ‘निकालापूर्वी जप्ती’चा अर्ज दिला जातो. घोळ इथूनच सुरू होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८ नियम ५ मधली जप्ती ही उद्याच्या हुकूमनाम्याची (न्यायालयाच्या अंतिम निर्णयाची) वसुली बुडू नये यासाठी आहे, आपलीच वस्तू राखण्यासाठी नव्हे. प्रतिवादी ती वसुली बुडवण्याच्या हेतूने माल विकतो आहे किंवा न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेतो आहे, हे शपथपत्रात तपशिलाने सांगावे लागते : कोणाला, केव्हा, आणि वादीला कशावरून कळले. ‘माल हलवील अशी भीती आहे’ एवढ्या ओळीवर अर्ज फेटाळला गेला तर तक्रार करू नये. तारण द्या किंवा कारण दाखवा, असे प्रतिवादीला न सांगताच केलेली जप्ती पोटनियम ४ प्रमाणे मुळातच रद्दबातल असते.

वादच त्या वस्तूबद्दल असेल तर आदेश ३९ नियम ७ खाली ती अडकवून ठेवणे, जतन करणे व तपासणी यांचा हुकूम मागावा. वस्तू वापरात झिजणार असेल तर आदेश ४० प्रमाणे रिसीव्हर (वस्तू सांभाळण्यासाठी न्यायालयाने नेमलेली व्यक्ती), आणि नाशवंत असेल तर ३९ नियम ६ खाली विक्री. विक्रीचे पैसे कोर्टात जमा ठेवण्याची विनंतीही त्याच अर्जात करावी.

खरी हानी पंचनाम्यात होते. ‘लेथ मशीन, एक नग’ असे लिहून बेलीफ (हुकूम बजावणारा कोर्टाचा कर्मचारी) निघून जातो. सहा महिन्यांनी मोटर बदललेली असते आणि सिद्ध काहीच करता येत नाही. निर्मात्याची पाटी, अनुक्रमांक, मोटरची अश्वशक्ती, वाहनाचा चेसिस व इंजिन क्रमांक, दागिन्याचे वजन हे सारे अर्जाच्या परिशिष्टातच द्यावे, म्हणजे बेलिफाला जागेवर फक्त पडताळायचे उरते. वस्तू कोणाच्या हवाली केली, त्याची सहीची पावती घ्यावीच. कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही, हे पाहून वेळ ठरवावी.

दाव्यात वस्तूची किंमत पर्यायी मागणी म्हणून लिहायला अनेक जण विसरतात. वस्तू परत मिळालीच नाही तर किती रक्कम द्यायची, हे आदेश २० नियम १० प्रमाणे हुकूमनाम्यात यावे लागते; वादीनेच आकडा व पुरावा दिला नाही तर न्यायालयाने तो आणायचा कुठून?

प्रतिवादींसाठीही एक सांगणे आहे. अपुऱ्या कारणावर जप्ती आणली गेली असेल तर कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई त्याच न्यायालयात मागता येते, वेगळा दावा लागत नाही.

– दिवाणी न्यायालयात वकिली करणारा एक वाचक