तंबूच्या बिलात जमिनीचं भाडंही असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत केनियातल्या मसाई मारातल्या प्रायव्हेट कॉन्झर्वन्सीत (म्हणजे खासगी जमिनीवर वन्यप्राण्यांसाठी राखलेला भाग) राहण्याबद्दल लेख आला होता, फोटो एकदम झकास, तंबूत बाथटब, गवतात मांडलेलं ब्रेकफास्टचं टेबल, सगळं. पुढच्याच रविवारी एका वाचकांनी पत्र लिहून हे सगळे श्रीमंतांचे चोचले म्हणून निकालात काढलं. दोघांनीही ती जमीन कोणाची आहे हे लिहिलंच नाही. मी बँकेतून रिटायर झालेली बाई, सगळी नोकरी कर्जखात्यात गेली, त्यामुळे बिल हातात आलं की हा पैसा पुढे कोणाच्या खात्यात जातो हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. नणंद नैरोबीला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा अशाच एका कॅम्पवर राहून आलो, म्हणून लिहितेय.

मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह साधारण 1,510 चौ. किमी. आहे आणि ते सरकारी, म्हणजे नारोक काउंटीच्या (तिथलं जिल्हा सरकार) ताब्यात. त्याला लागून उत्तरेला आणि पूर्वेला मसाई लोकांच्या स्वतःच्या जमिनी. पूर्वी त्या सामाईक होत्या, ग्रुप रँच म्हणायचे, मग वाटण्या झाल्या आणि कोयाकी नावाच्या रँचमध्ये एकेकाला दीडशे एकरांच्या आसपास तुकडा आला. दीडशे एकर ऐकून आपले डोळे पांढरे होतात, पण तिकडचा पाऊस बघता तेवढ्यात गुरांचा मोठा कळप वर्षभर जगत नाही, गुरं फिरवावीच लागतात. आणि वाटणी झाली की पुढे काय होतं ते महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको, कोणी कुंपण घालतो, कोणी विकून मोकळा होतो, कोणी गव्हासाठी भाड्याने देतो. माराजवळच्या लोइटाच्या मैदानात हेच झालं, गव्हाची शेती आली आणि तिकडून माराला येणारे विल्डबीस्टचे (गाईसारख्या तोंडाचं मोठं हरीण) कळप 1970 च्या दशकानंतर प्रचंड घटले. (नदीत उड्या मारतानाचे व्हिडिओ बघतो ते शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीचे कळप, ते वेगळे.)

यावर निघालेला तोडगा म्हणजे या कॉन्झर्वन्सी. शेजारशेजारच्या मालकांनी जमिनी एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाडेपट्ट्याने द्यायच्या, मालकी आपल्याकडेच ठेवायची, भाडं एकरामागे ठरलेलं, पर्यटक येवोत न येवोत दरमहा खात्यात जमा. ओल किनयेई 2005 ला सुरू झाली, ओलारे ओरोक 2006 ला (हल्ली ती ओलारे मोटोरोगीत आहे), मारा नॉर्थ 2009, नाबोइशो 2010. एकट्या नाबोइशोत 500 च्या आसपास मालकांची मिळून 50,000 एकर जमीन आहे. बदल्यात तिथे घर बांधायचं नाही, कुंपण घालायचं नाही, नांगर लावायचा नाही, गुरं सोडायची ती ठरवून दिलेल्या भागात आणि ठरवून दिलेल्या वेळी. 2013 च्या कायद्याने केनिया सरकारने कॉन्झर्वन्सीला रीतसर मान्यताही दिली.

आता हिशोब बघा. ओलारे मोटोरोगीत नियम असा की 700 एकरांमागे एकच तंबू. म्हणजे 700 एकरांचं भाडं, रेंजरचे पगार, रस्ते, हे सगळं एका तंबूत झोपणाऱ्या दोन माणसांकडून वसूल व्हायचं, मग रेट डोक्यावरून जाणारच ना. रिझर्व्हमध्ये तरी काय स्वस्ताई आहे, जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला माणशी रोजचे 200 डॉलर, तेही सकाळी 6 ते संध्याकाळी 6, आणि ते काउंटीला जातात, एका चित्त्याभोवती किती गाड्या लागतील याची हमी नाही.

कॉन्झर्वन्सीत एका प्राण्यापाशी 5 च्या वर गाड्या नाहीत, हे प्रत्यक्षात पाळतात. आम्ही गेलो तेव्हा चित्तीण नुकतीच शिकार करून बसली होती, थॉमसन गॅझेल (छोटं हरीण), पोट फाडलेलं, ती दर दोन घासांना मान वर करून तरस येतंय का बघत होती, पिल्लं मध्येच एकमेकांच्या अंगावर. पण हे सगळं आम्ही बघितलं ते बऱ्याच वेळाने, आधी आमच्या गाईडने गाडी लांब झुडपाआड थांबवली आणि इंजिन बंद केलं, कारण पुढे पाच गाड्या होत्या. आमच्या गाडीतल्या एका गृहस्थांची चुळबुळ सुरू, एवढे पैसे भरून पार्किंगमध्ये बसायचं का वगैरे. गाईड शांतपणे वायरलेसवर आपला नंबर लावून बसला. शर्टावर त्यांच्या गाईड असोसिएशनची ब्राँझची बिल्ला-पट्टी, मुलगा तिथलाच, कोयाकीच्या गाईड स्कूलमध्ये शिकलेला, आणि मी विचारल्यावर कळलं की त्याच्या वडिलांचा तुकडा याच कॉन्झर्वन्सीत आहे. घरी भाडं येतं आणि वर याचा पगार. दोन्ही त्या चित्तिणीवर अवलंबून, मग तो कशाला गाडी घुसवेल?

दुसऱ्या दिवशी वाटेत गुरं लागली, गळ्यात घंटा, मागे लाल शुका (मसाई लोक अंगाभोवती घेतात ती चादर) गुंडाळलेली दोन पोरं. तेच गृहस्थ म्हणाले, गाईच बघायच्या तर आमच्या गावाला काय कमी आहेत! मला उलट तेच बरं वाटलं. फोटोत गुरं दिसू नयेत म्हणून ज्यांची जमीन त्यांनाच हाकलायचं, तर मग सरकारी पार्कात आणि यात फरक काय राहिला. पारदामात म्हणून एक कॉन्झर्वन्सी आहे तिथे तर कुटुंबं आणि गुरं आतच राहतात, फक्त कुंपणं काढायची असा करार. दिसायला ती पुरवणीतल्या फोटोंसारखी नसेल, पण माझ्या मते तिथला हिशोब जास्त टिकाऊ आहे.

सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. जमिनी बहुतेक पुरुषांच्या नावावर, त्यामुळे भाडं बाईच्या हातात पडेल याची खात्री नाही. ज्यांना तुकडाच मिळाला नाही त्यांना भाडंही नाही, चरायला मात्र बंदी. दुष्काळात रात्री गुरं घुसवली म्हणून दंड होतात, भांडणं होतात. आणि 2020 मध्ये विमानं बंद झाली तेव्हा 'पर्यटक येवोत न येवोत' हे कलम कागदावरच राहिलं, बऱ्याच ठिकाणी मालकांनी कमी भाड्यावर निभावून नेलं. एकाच गिऱ्हाईकावर चालणारा धंदा आहे हा, आमच्या वेळी अशा माणसाला कर्ज देताना दहादा विचार केला असता.

तरी मला ताडोबा आठवल्याशिवाय राहिलं नाही. तिथल्या मोहर्ली गेटकडे रिसॉर्टं उभी राहिलीत, पण जमीन एकदा विकली की शेतकऱ्याचा त्या वाघाशी पैशाचा संबंध संपला, पोराला फार तर जिप्सी चालवायची किंवा वेटरची नोकरी. आणि गाड्यांचं म्हणाल तर 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावकडे एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी गाड्यांनी अडवली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तिथे गाईड आणि ड्रायव्हरवर कारवाई झाली ते ठीकच, पण पाठीमागे बसून 'भैया, और आगे लो' म्हणणारे आपणच असतो. माराची सगळी व्यवस्था इकडे उचलून आणता येणार नाही, आपल्याकडे दीडशे एकराचे मालक नाहीत आणि वाघ काही मोकळ्या माळावर बसत नाही. पण बफरमधल्या (जंगलाच्या गाभ्याभोवतीचा पट्टा) पाच-पंचवीस शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमीन न विकता भाड्याने द्यायची, एवढं तरी कोणी गंभीरपणे करून बघायला हरकत नसावी. आपल्या चंद्रपूरच्या प्रतिनिधींनी यावर लिहिलं तर बरं होईल.

ज्यांना जायचंय त्यांनी टूरवाल्याला मेन्यू विचारायच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: कॅम्प कोणत्या कॉन्झर्वन्सीत आहे, तिची फी बिलात वेगळी दाखवणार का, आणि भाडं थेट मालकांच्या खात्यात जातं का. आम्ही ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्यांना पहिल्या प्रश्नाचंच उत्तर माहीत नव्हतं, 'मारामध्येच आहे हो मॅडम' एवढंच. नाव आतल्या कॉन्झर्वन्सीचं सांगायचं आणि कॅम्प निघायचा गेटबाहेरच्या रस्त्यावर, असंही होतं म्हणे.

आपली,
एक वाचक, ठाणे

ता. क. पुरवणीत हे राहिलं होतं: यलो फीवरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या, नाहीतर परत येताना क्वारंटाइन करू शकतात. नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टवरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानात 15 किलो सामान, तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक सूटकेस चालत नाही. आणि केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना 2017 पासून बंदी आहे, तेव्हा चकल्या डब्यात न्या.