पुरात नक्की काय काय गेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आमच्या महाडवरचा लेख वाचला. कालच लिहिणार होतो, पण म्हटलं राग जरा निवू दे. तो फारसा निवलेला नाही, हे पुढे दिसेलच.

'सह्याद्रीच्या कुशीतलं टुमदार गाव' हे माफ केलं. 22 जुलै 2021 च्या रात्री माळ्यावर बसून जिन्याच्या किती पायऱ्या बुडाल्या ते बॅटरी मारून मोजणाऱ्याला 'टुमदार' वाचून हसू येतं, एवढंच. माझा आक्षेप त्या खालच्या वाक्याला आहे. काय तर म्हणे, नगरपालिकेचा जुना इतिहास सावित्रीच्या पुरात वाहून गेला. छान. म्हणजे शोधायला नको!

सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असताना 1924 साली पालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं, याचं लेखात भरपूर कौतुक आहे. रास्तच आहे. तो ठराव कागदावरच राहिला आणि 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं, हेही आहे. तिथून लेखकाची गाडी थेट 2016 साली पडलेल्या पुलावर! मधला 4 ऑगस्ट 1927 कुठे गेला? त्या दिवशी याच पालिकेने आपला ठराव आपणच रद्द केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात झाला तोही 4 ऑगस्टलाच, 1923 साली. बरोबर चार वर्षांनी आम्ही शेपूट घातलं. बाबासाहेबांच्या डिसेंबरातल्या परिषदेला गावात जागा मिळेना, ती अखेर फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. तळ्याचा दावा हायकोर्टापर्यंत गेला, 1937 साली निकाल लागला. यातलं काय सावित्रीत बुडालं? शासनानेच छापलेल्या बाबासाहेबांच्या खंडांत महाडचं प्रकरण आहे. ते खंड कुठल्याही बऱ्या वाचनालयात मिळतात.

हे 'पुरात गेलं' प्रकरण माझ्या चांगल्या ओळखीचं आहे, म्हणून जास्त लागलं. वारसनोंदीच्या एका अर्जासाठी मी एका कार्यालयात खेटे घालतो आहे. नाव लिहीत नाही, उगाच काम आणखी अडायचं. मागच्या खेपेला तिथले साहेब मान वर न करता म्हणाले, "काका, पुरात गेलं सगळं." मी खिशातून पोच काढली. अर्ज जानेवारी 2023 चा, पूर 2021 चा. त्यांनी पोच हातात घेतली, तारखेवरून अंगठा फिरवला, शिक्का उजेडाकडे धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "मग नंतरच्या पुरात गेला असेल." कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, साहेब. तिथवर पाणी चढलं असतं तर दोघंही बोलायला उरलो नसतो.

नदी काय नेते, ते आम्हाला ठाऊक आहे. बाणकोटच्या खाडीत भरती असली की सावित्री आणि गांधारी दोघींचं पाणी तुंबतं आणि बाजारपेठेत शिरतं. माझ्या घरातला फ्रिज नेला, लग्नातला अल्बम नेला, मुलीच्या शाळेच्या वह्या नेल्या. पात्रातल्या गाळाबद्दल आणि जुट्यांबद्दल, म्हणजे गाळाने तयार झालेल्या बेटांबद्दल, आम्ही इतकी वर्षं ओरडतो आहोत, त्यावर तुमच्या लेखात एक ओळ. पण जे नदीने नेलं नाही ते तिच्या नावावर खपवू नका. कार्यालयातल्या साहेबांना निदान पगार तरी त्याचाच मिळतो.

जाता जाता आणखी एक. पावसाळ्यात तुमचा अंक आमच्याकडे इतका भिजून येतो की शब्दकोड्याचं पान सोलून काढावं लागतं. एक प्लॅस्टिकची पिशवी घालायला काय हरकत आहे? की तोही पुरात गेला म्हणून समजू?

पत्र छापताना जागा कमी पडली तर फ्रिज काढा, शब्दकोडं काढा. 4 ऑगस्ट तेवढा राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, महाड