आडात असेल तर पोहऱ्यात येईल

प्रति,
मा. मंत्री, इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान,
भारत सरकार

महोदय,
सविनय नमस्कार.

मी शाळेत संगणक शिकवतो. गेल्या पावसाळ्यात सातवीच्या मुलांना म्हणी टाइप करायला दिल्या होत्या. एका मुलीने ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीवर लिहिली. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, सगळे बरोबर. तरी पडद्यावर ऱ पाय मोडून सुटा पडला आणि य पुढे एकटाच उभा राहिला. “सर, माझं कुठं चुकलं?” तिचे काहीच चुकले नव्हते. तीच फाइल शेजारच्या संगणकावर नीट दिसत होती. दोन्हींवर लिनक्स ही कोणालाही बदलता येणारी ऑपरेटिंग सिस्टिमच, फक्त डिस्ट्रो, म्हणजे तिच्या तयार आवृत्त्या, वेगळे.

घरी जाऊन दोन्हीकडचा फॉन्ट उघडून पाहिला. नाव एकच. पण एका डिस्ट्रोमध्ये कोणीतरी ‘ऱ्य’ दुरुस्त केला होता आणि ती दुरुस्ती मूळ फॉन्ट बनवणाऱ्यांकडे पाठवलीच नव्हती. मी ती फाइल पेनड्राइव्हवरून बाकीच्या संगणकांवर टाकली. आमच्या मुलांचे भागले. पुढच्या गावच्या शाळेचे काय?

आपल्याकडे आज वेगवेगळ्या चुली मांडलेल्या आहेत. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 2007 मध्ये डेबियन या डिस्ट्रोवर बॉस लिनक्स उभे केले. संरक्षण मंत्रालयाने 2023 मध्ये उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोवर आधारलेली माया ही ऑपरेटिंग सिस्टिम आणली. केरळच्या सरकारी शाळांसाठी काईट या तिथल्या सरकारी संस्थेची वेगळी आवृत्ती आहे, तीही उबुंटूवरची. आणि उबुंटू स्वतः डेबियनमधूनच निघालेले. म्हणजे आड एकच आहे. सगळे मोडून एकच राष्ट्रीय ऑपरेटिंग सिस्टिम करा, असा सल्ला आपल्याला मिळत असेल. तो कृपया मानू नका. लष्कराची गरज वेगळी, चौथीच्या वर्गाची वेगळी. शिवाय वेगळे होण्यातूनही भले होते. 1997 मध्ये जीसीसी या मुक्त कंपायलरचे (लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचे) काम रेंगाळले म्हणून काही जणांनी ईजीसीएस नावाने वेगळा प्रकल्प काढला. तो इतका सरस ठरला की 1999 मध्ये तोच अधिकृत जीसीसी झाला. ते वेगळे झाले, पण केलेले काम परत घरात आले. माझा आग्रह या परत येण्याचा आहे.

पडद्यावर अक्षरे जुळवणाऱ्या हार्फबझ या मुक्त सॉफ्टवेअरचेच बघा. लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सगळे तेच वापरतात. तिथे मराठीची एक चूक दुरुस्त झाली की ती लिनक्सवरही सुधारते आणि शेतकऱ्याच्या फोनवरही. दहा डिस्ट्रोंमध्ये दहा वेळा हात घालावा लागत नाही.

मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो असे, सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण केंद्राने 2015 मध्येच जाहीर केले. त्यात एक अट घाला: सरकारी पैशातून झालेली प्रत्येक दुरुस्ती ठरावीक मुदतीत मूळ प्रकल्पाकडे गेलीच पाहिजे. संरक्षणाच्या गोपनीय भागाला सूट द्या. पण फॉन्ट, कीबोर्ड, शुद्धलेखन तपासणी, प्रिंटरचे ड्रायव्हर यांत लपवण्यासारखे काय आहे? आणि या सामायिक कामासाठी मराठीसह प्रत्येक भारतीय भाषेला पगारी माणसे द्या. डिस्ट्रोचे नवे नाव आणि नवा वॉलपेपर नंतर केला तरी चालेल.

‘ऱ्य’ची ती दुरुस्ती मूळ फॉन्टकडे मी स्वतः पाठवली, दोन रविवार घालवून. ती ज्याने आधी केली होती, त्याला ती पाठवायला अर्धा तास लागला असता. त्याला ते कोणी सांगितलेच नव्हते.

आपला,
एक संगणक शिक्षक