नुरा म्हणा, पण तीन पट्टे ऐका

टोकियो

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, "जपानला जाऊन नुरा कुस्ती बघतोस होय रे?" नुराच आहे, आबा. निकाल आधी ठरतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं. पण इथल्या नुरा कुस्तीतल्या 'ट्रिपल क्राउन' या किताबाचा इतिहास बघितला की कळतं, निकाल ठरवणाऱ्यालाही मनाला येईल ते करता येत नाही.

किताब एक, पट्टे तीन. पहिला आंतरराष्ट्रीय. कोरियात जन्मलेला, आधी सुमो खेळलेला रिकिदोझान १९५८ मध्ये लॉस एंजलिसला गेला आणि अमेरिकन पैलवान लू थेझला हरवून तो पट्टा घेऊन आला. युद्ध हरलेल्या लोकांना गोऱ्या पैलवानाला लोळवणारा कुणीतरी हवाच होता. रस्त्यावरच्या टीव्हीसमोर झुंबड उडायची. १९६३ च्या डिसेंबरात एका नाइट क्लबमध्ये त्याला भोसकलं आणि आठवड्याभरात तो गेला. त्याचा पठ्ठ्या जायंट बाबा, पावणेसात फुटांहून उंच. त्यानं १९७२ मध्ये 'ऑल जपान' ही कुस्त्या भरवणारी स्वतःची संस्था काढली, तिथले निकाल तोच ठरवायचा. दुसरा पट्टा तिथला, तिसरा 'युनायटेड नॅशनल'.

१८ एप्रिल १९८९ ला टोकियोत जम्बो त्सुरुतानं टेक्सासच्या स्टॅन हॅन्सनला पाडलं आणि तिन्ही पट्टे एकाच कमरेला आले. हा त्सुरुता तुम्हाला आवडला असता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला ग्रीको-रोमन कुस्ती खेळलेला, म्हणजे अस्सल पैलवान. जपान्यांना खरी कुस्ती येत नाही असं तर तुम्ही म्हणूच नका. हेलसिंकीत आपल्या खाशाबांना हरवून सुवर्ण नेणारा इशी जपानीच होता.

आता खरी गंमत. मिसावा नावाचा पोरगा वाघाचा मुखवटा घालून खेळायचा. १९९० च्या मेमध्ये त्यानं तो भर कुस्तीत काढून टाकला. जूनमध्ये टोकियोतल्या बुदोकान सभागृहात त्याची त्सुरुताशी जोड लागली. लोक मिसावाच्या नावानं इतके ओरडले की बाबानं ऐनवेळी निकाल फिरवला, असं सांगतात. त्सुरुता पडला. म्हणजे निकाल लावला कुणी, बाबानं की पब्लिकनं? पण त्या दिवशी किताब पणाला नव्हता, आणि पुढंही बाबानं तो लगेच देऊन टाकला नाही. मिसावाला लढवलं, हरवलं, थांबवलं. ऑगस्ट १९९२ मध्ये हॅन्सनला हरवल्यावर तिन्ही पट्टे त्याला मिळाले. तोवर त्यानं ते कमावलेत याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती. आपल्याकडं गदा घेणाऱ्याबद्दल दरवर्षी एवढी खात्री असते का, तुम्हीच सांगा. (चिडू नका.)

जुने तिन्ही पट्टे २०१३ मध्ये बाबाच्या बायकोकडं परत गेले, आता नवा एकच आहे. मला तो काही रुचत नाही. तीन पट्टे सांभाळताना होणारी पैलवानाची तारांबळ बघण्यात मजा होती.

यंदा जत्रेच्या मैदानात निकाली कुस्त्या किती झाल्या आणि बरोबरीत किती सोडवल्या, ते सविस्तर कळवा. आईला नमस्कार.

तुमचा,
संजू