गणपतीला घर भरतं, तेव्हा सगळ्यांचा इको करून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा धाकटा भाऊ 34व्या वर्षी रापण ओढता ओढता किनाऱ्यावरच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. कागदावर ‘हार्ट अटॅक’ लिहून मिळालं. वाडीत कुणी देवचाराचं नाव घेतलं, कुणी कौल लावायला सांगितला. घरातल्या बाकीच्यांचं हृदय तपासून घ्या, असं एकानेही सांगितलं नाही; डॉक्टरांनीसुद्धा नाही. अकरा वर्षांनी त्याचा मुलगा शाळेच्या मैदानात धावताना शुद्ध हरपून पडला, तेव्हा कुठे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. साधारण 12 मिलिमीटरच्या आत असायला हवी ती हृदयाची भिंत त्याची 19 निघाली.

हृदयाचा स्नायू जाड होणाऱ्या त्या आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. साधारण 500 माणसांमागे एकाला असतो. आईबापांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी.

इकोवर भिंतीची जाडी कळते, पण तिच्यात व्रण किती आहेत ते एमआरआयवर दिसतं. त्यासाठी कुडाळहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पोरगा तासभर त्या नळीत पडून ‘श्वास रोखा, सोडा’ ऐकत होता. शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देतात, फोटोत फरक उठून दिसावा म्हणून. ते चांगल्या स्नायूतून लवकर निघून जातं, व्रणात मात्र रेंगाळतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. काळ्या कड्यात पांढरे चट्टे होते, सुकत्या जाळ्यावर मीठ फुलावं तसे. ठोके बिघडतात ते अशाच चट्ट्यांमुळे. डाव्या कप्प्याच्या स्नायूत ते 15 टक्के किंवा जास्त भरले, तर अचानक मृत्यूचा धोका मोठा धरतात. त्याचे तेवढे भरले. शिवाय बापाचं तसं जाणं आणि त्याचं स्वतःचं पडणं होतंच. त्याच्या छातीत आयसीडी नावाचं छोटं यंत्र बसवलं. ठोके जीवघेणे भरकटले तर ते आतूनच शॉक देतं.

मग मुंबईच्या ताईचीही तपासणी केली. तिची भिंत 16 मिलिमीटर, पण व्रण अजिबात नाही. वय 58. तिला यंत्र लागलं नाही, नियमित तपासणीवर भागलं.

म्हणून दोन मागण्या. तरुण माणूस असा अकस्मात गेला, की त्याच्या आईबाप, भावंडं, मुलांचा ईसीजी आणि इको सरकारी खर्चाने व्हावा. आणि हृदयाचा एमआरआय करणारी व वाचणारी माणसं सिंधुदुर्ग-रत्नागिरीत मिळावीत. आमची मजुरी बुडाली ती सोसली, पण सगळ्यांना मुंबई झेपत नाही.

वाचकांनाही विनंती आहे. चाकरमानी चतुर्थीला येतात, एका रक्ताची माणसं वर्षातून तेव्हाच एका छपराखाली असतात. तेव्हाच तपासण्या उरका. मुलाचा इको एकदा चांगला आला म्हणून थांबू नका. वाढत्या वयात भिंत जाड होऊ शकते, म्हणून दर एक-दोन वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो.

यंदा चतुर्थीनंतर आम्ही घरची चौदा माणसं कुडाळला इकोसाठी जाणार आहोत. वाडीतल्या आणखी दोन घरांनी नावं दिली आहेत. त्यांच्याकडेही एकेक तरुण असाच गेला आहे.

आपला,
एक वाचक, ता. मालवण