तुझी आरडी आणि माझा संप

चि. सौ. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंदार शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याजवळ हे पत्र देतेय. फोनवर बोलायला गेलं की आपलं काय होतं ते रविवारी झालंच, घरासाठी आरडी मोडायचा विषय निघाला आणि. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू मीटिंगमध्ये वाचणार आणि अंगठा पाठवणार.

पिशवीत कुळथाचं पीठ आहे. कोकमाच्या आगळाची बाटली आहे, बुचाखाली प्लास्टिक लावलंय तरी आडवी ठेवू नकोस. आणि तुझं पोस्टातल्या आरडीचं, महिन्याच्या बचतीचं, पासबुक आहे, त्यात खातं बंद करायचा फॉर्म घातलाय. माझी सही झाली आहे. तुझी सही जिथे हवी तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. मंदार रविवारी रात्री परत निघेल, त्याच्याजवळ दे, सोमवारी मी पोस्टात लावते. त्या बाबतीत माझं काही म्हणणं उरलं नाही असं समज.

फक्त हिशेब सांगते, कारण पोस्टाची एजंट म्हणून तो मी कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितला असता. ४५ हप्ते झालेत, १५ राहिलेत. तू खातं उघडलंस तेव्हा ५.८ टक्के मिळत होते. मुदतीआधी मोडलं की बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी व्याज. साडेसात-आठ हजारांचा फटका आहे. त्यापेक्षा जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं आणि आरडी चालू राहते. हे सांगून झालं. आता तुम्ही दोघं ठरवा.

घराचं कळल्यावर आई खूश झाली नाही, असं तू बाबांना म्हणालीस. बाबांनी मला सांगायचं नाही असं ठरवलं आणि जेवायला बसल्याबरोबर सांगितलं. अगं, तू पाठवलेला नकाशा मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. वसुलीला गेले की पावती फाडायच्या आधी तो दाखवायचा. ‘स्वयंपाकघराला वेगळी ड्राय बाल्कनी आहे’ हे कुलकर्णीकाकूंना तीनदा सांगितलं, त्यांनीच मला आठवण करून दिली. मुंबईत काळाचौकीला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही अकरा माणसं. भाऊकाका गिरणीतल्या रातपाळीहून आला की तुझे आजोबा, अण्णा, उठायचे आणि त्याच अंथरुणावर तो आडवा व्हायचा, अंथरूण थंड होत नसे. त्या खोलीतल्या मुलीच्या मुलीने अठ्ठाविसाव्या वर्षी वाकडला घर घ्यावं, हे मला आतून काय वाटतं ते नीट बोलताच येत नाही. तोंडातून निघतं ते ‘हाताशी किती उरतील?’

तू म्हणालीस, ‘आई, तुझा संप अजून मिटलेला नाही.’ तेव्हा राग आला, पण फोन ठेवल्यावर हसू आलं. कारण मुंबईच्या कापड गिरण्यांचा तो संप मागे घेतला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही. तो विरत गेला. तेव्हा तू बोललीस ते शब्दशः खरं आहे.

मी तुला त्या दिवसांचं तुकड्यातुकड्यात सांगितलंय, त्यामुळे तुझा समज असा झालाय की अण्णांकडे शिल्लक नव्हती म्हणून हाल झाले. तसं नव्हतं. अण्णा हिशेबी माणूस. १९७४ चा संप बेचाळीस दिवस चालला होता, ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू व्हायच्या आधीच त्यांनी गावाहून तांदूळ मागवून ठेवले, वाण्याला सांगून ठेवलं, आणि आजीला म्हणाले, दोन महिने काढू आरामात. मी तेव्हा पाचवीत होते. अण्णांचे पैसे गिरणीच्या पतपेढीत होते. आजीची भिशी होती. शिवाय आजीच्या खाणावळीत बारा माणसं जेवायची. खाणावळवाल्या बायकांच्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे तिला बँकेचं कर्जही मिळालं होतं, त्या पैशांतून मोठी पातेली घेतली होती. म्हणजे पगार धरून चार ठिकाणी पाय होते.

मार्चमध्ये कळलं की ती चारही ठिकाणं एकच होती.

पगार थांबला. पतपेढी कामगारांच्या पगारातून कापलेल्या पैशांवर चालायची, मग तिच्यातही खडखडाट. खाणावळीतले बाराही जण एकटे राहणारे गिरणी कामगार, ते एकेक करून गावाला निघून गेले. जाताना प्रत्येक जण ‘परत आलो की देतो वहिनी’ म्हणून गेला. भिशीत वीस बायका, वीसही घरं गिरणीची. त्या महिन्यात आजीचा नंबर होता. सात जणी पैसे घेऊन आल्या. बाकीच्या तेरा आल्याच नाहीत, जिन्यात भेटल्या तरी खाली बघून जायच्या. आजीने त्या सातही जणींना चहा दिला आणि ज्याचे त्याचे पैसे परत केले. दारात उभी राहून मी हे बघितलंय. आणि वाणी? त्याची सगळी उधारी गिरणीच्या पगारावर. तो तरी कुठून देणार? अडीच लाखांच्या आसपास कामगार एकाच वेळी बाहेर होते गं, एका माणसाच्या तयारीला काय अर्थ राहणार!

घर कुणी चालवलं माहीत आहे? अक्काआत्याने. नवऱ्याने टाकलेली, म्हणून आमच्यात तिला कुणी मोजत नसे. महापालिकेच्या शाळेत शिपाई होती. तो एकच पगार असा होता जो गिरणीतून येत नव्हता. पगार झाला की ती तांदूळ, गूळ आणि रॉकेलचा डबा घेऊन यायची. पिशवी अण्णांसमोर ठेवायची नाही, मोरीजवळ ठेवायची, आजीला दिसेल अशी. अण्णा तेवढा वेळ पेपरमध्ये डोकं घालून बसायचे. पेपर दोन-तीन दिवसांपूर्वीचा असायचा. आत्या गेली की घडी घालून परत गादीखाली.

आता मी जे लिहिणार नाही असं ठरवून बसले होते ते लिहिते. तू आणि निखिल एकाच कंपनीत. तुमचे शेअर त्याच कंपनीचे, तेसुद्धा दर महिन्याला पगारातून कापून. आणि ६७ हजारांचा हप्ता दोघांच्या पगाराच्या भरवशावर, वीस वर्षं. भाऊकाकाला अण्णांनीच त्या गिरणीत चिकटवलं होतं, बदली कामगार म्हणून, केवढं समाधान होतं त्यांना, दोघं भाऊ एका ठिकाणी म्हणून.

झालं. पुन्हा भाषण झालं. तू म्हणशील आयटी म्हणजे गिरणी नाही. नाहीच. तुम्हाला निदान दुसरीकडे जाता येतं, अण्णांना साच्याखेरीज, म्हणजे मागाखेरीज, काही येत नव्हतं, पुढे वॉचमनची नोकरी धरली त्यांनी. पण नोकरकपातीच्या बातम्या मी वाचते आणि प्रत्येक बातमीत आधी कंपनीचं नाव बघते, त्याला मी काय करू?

तुमच्या वेळी व्याजच जास्त होतं, हे तुझं म्हणणं मात्र बरोबर आहे, ते कबूल करते. तुझ्या बारशाला आलेल्या पाकिटांची बाबांनी किसान विकास पत्रं घेतली होती, साडेपाच वर्षांत दुप्पट झाली. आज त्याच पत्राला ११५ महिने लागतात. पीपीएफला आम्ही २००० सालाच्या सुरुवातीपर्यंत १२ टक्के घेतले, तुला २०२० पासून ७.१ च्या वर मिळालेले नाहीत. आम्हाला वाटायचं आम्ही काटकसरी म्हणून पैसे वाढले. तेव्हा सरकारच तेवढं व्याज देत होतं, त्यात आमचा पराक्रम काय? आणि तू म्हणालीस तेही मी नंतर बघितलं, १९९१ मध्ये महागाई तेरा टक्क्यांच्या वर होती. म्हणजे ते १२ टक्केही त्या वर्षी तोट्यातच. तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी आम्ही पोस्टातच ठेवले असते. तुझ्या म्युच्युअल फंडातल्या एसआयपीला मी ‘जुगार’ म्हणाले ते चुकलंच. शेअर बाजारातल्या ऑप्शनला म्हणाले ते मागे घेत नाही. त्यात दहातल्या नऊ जणांचे पैसे बुडतात असं बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच छापलंय.

पण मी व्याजासाठी बोलत नव्हते. सव्वीस वर्षं दारोदार आरडी गोळा केल्यावर एवढं कळतं की ज्याचा पगार पक्का, त्याचाच हप्ता आधी चुकतो. शंभराला रुपया दंड, काय मोठंसं, असं म्हणतात. याउलट आपली मासेवाली पार्वती. १ जूनपासून दोन महिने बोटी बंद असतात, तिला ते माहीत आहे, म्हणून ती मे महिन्यातच सहा हप्ते आगाऊ भरते, वर सूट मिळते ती वेगळी. तिला कुणी बचतीचा क्लास घेऊन शिकवलेलं नाही. तिचा पावसाळा कॅलेंडरवर असतो. तुमचा कुठल्या तारखेला येतो ते ईमेल आल्यावरच कळतं.

लॉकडाऊनमध्ये पेपरात आलं होतं की घरोघरी बचत वाढली. वाढलीही असेल, तुमचीच वाढली, हॉटेल नाही, पेट्रोल नाही. नंतर ती पार खाली आली, २०२२-२३ मध्ये जीडीपीच्या जेमतेम पाच टक्के उरली, पन्नास वर्षांतली सगळ्यात कमी म्हणे. लोकांनी घरं घेतली, कर्जं काढली, तो पैसा भिंतीत गेला. तुमच्यासारखाच. भिंत विकून महिन्याचं वाणसामान आणता येत नाही एवढंच. असो. माझ्या गिऱ्हाइकांच्या यादीत लॉकडाऊनच्या वर्षी काय झालं ते सांगते. रिक्षावाल्या शिंद्यांचे हप्ते थांबले. चौथा चुकला की खातं बंद पडतं, पुन्हा सुरू करायचं तर अर्ज. सरकारने दंड माफ केला होता, पण हप्ता कुठून आणणार? त्यांचे तीन हप्ते मी माझ्या कमिशनमधून भरले. बाबांना अजून माहीत नाही, तू सांगू नकोस. शिंद्यांनी ते परत केले, वर्षभराने, दोनशे-दोनशे करून. मी का भरले ते त्यांनी विचारलं नाही, आणि मला सांगताही आलं नसतं. शिंदेवहिनी जिन्यात खाली बघून जायला लागल्या होत्या, म्हणून.

सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. तू परवा विचारलंस, सहाच का? त्याचं उत्तर मला आलं नाही म्हणून मी चिडले. अण्णांनी दोन महिने धरले कारण आधीचा संप बेचाळीस दिवसांचा होता. त्यांचा दीड वर्षानंतरही मिटला नाही. मी सहा धरते, पण त्यालाही काही आधार नाही, आकडा गोल आहे आणि लोकांना झेपतो. तुला झेपेल तेवढे ठेव. तीनचे ठेव. पण त्या कंपनीच्या शेअरमध्ये नको, ते विकून थोडे तरी दुसरीकडे टाक. हे शेवटचं.

घर घ्या. घ्याच. वास्तुशांतीला अक्काआत्याचा फोटो मी घेऊन येणार आहे, देवघराजवळ लावायचा नसेल तर स्वयंपाकघरात लावू. बाबा आत्तापासून पंख्यांचे भाव विचारत फिरतायत, त्यांना तुमच्याकडे तीनच पंखे लागणार आहेत हे पटत नाही.

निखिलला आशीर्वाद. रविवारी मी फोन आपटला नव्हता, हातातून सुटला, पण तुला तसं वाटलं असेल तर चुकलं माझं.

तुझी
आई

ता. क. निखिलला दुसऱ्या एका कंपनीतून बोलावणं आलं होतं म्हणाली होतीस ना दिवाळीत? त्याचं पुढे काय झालं? सहज विचारतेय.